हात नसलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, चाकं नाहीत, गादीही नाही. कुणी मोडून टाकलं असं समजू नका. मला घडवलंच तसं. सुताराने मला दोनदा मोजलं, तर दवाखान्यातल्या संशोधनवाल्यांनी चारदा. जिथे जिथे पायांची ताकद मोजायची चाचणी होते, तिथे तिथे माझ्याच उंचीच्या बहिणी भिंतीला पाठ लावून उभ्या असतात. उगाच नाही माझी मान ताठ!

माझं काम सोपं. पायांतली ताकद आटत चाललेली माणसं माझ्यावर बसायची. हात छातीवर बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा उठायचं, बसायचं. मोजणाऱ्या बाई सगळ्यांना तीच ठरलेली वाक्यं सांगत. शाबास म्हणायचं नाही, आधार द्यायचा नाही. एकाला शाबासकी दिली आणि दुसऱ्याला नाही, तर ताकद मोजली की लाड मोजले, ते कसं कळणार? चांगले चांगले लोक माझ्यावर रडकुंडीला आले. मी कुणाची गय केली नाही.

एकदा दोघी बहिणी आल्या. धाकटीचे पाय कामातून जात चालले होते. थोरलीला ती आक्का म्हणायची. आई गेल्यावर आक्कानेच तिला वाढवलेलं. नव्या औषधाच्या अभ्यासात धाकटीला घ्यायचं की नाही, ते माझ्यावर ठरणार होतं. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, असा नियम. आक्का दाराच्या काचेला नाक लावून उभी.

धाकटी उठली, बसली. आधी बरं जमलं, मग मांड्या लटपटायला लागल्या. तिने काचेकडे पाहिलं. आक्काने दोन्ही हात वर उचलले, जणू पोरीला झाडावर चढवतेय. धाकटीने ओठ चावला आणि आणखी एकदा उठली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

आक्का छाती काढून आत आली. "बघितलंत? घरी रोज तयारी करून घेतलीय. आमच्यात नापास कुणी होत नाही!"

"यांना घेता येणार नाही. मर्यादेपेक्षा एकदा जास्त उठल्या. हा अभ्यास याहून अशक्त माणसांसाठी आहे."

"मग एक कमी लिहा की. कोण बघतंय?"

"असं दहा जणींचं लिहिलं, तर पाय कशाने सुधारले म्हणायचे? औषधाने की माझ्या पेनाने?"

आक्का धाकटीचा हात धरून म्हणाली, "मग आम्ही करायचं काय?"

"आणखी खालावल्या की घेऊन या."

काही महिन्यांनी आल्या. या वेळी धाकटी व्हीलचेअरमध्ये होती. त्या चाकांच्या भवानीला हात होते, मऊ गादी होती. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्यावर बसता बसता धाकटी बाईंना म्हणाली, "आक्का रोज सकाळी विचारते, आज कसं वाटतंय? बरं वाटतंय म्हटलं की तिचं तोंड उतरतं." ती हसली. बाई हसल्या नाहीत. हसू ठरलेल्या वाक्यांत बसत नव्हतं.

"सुरू करा."

धाकटी उठली, बसली. पुन्हा उठायला गेली तोच गुडघे वाकले आणि ती धपकन माझ्यावर आदळली. मग नाहीच. तिने स्वतःचेच खांदे करकचून धरले, जोर लावून लावून घशातून आवाज काढला, तरी माझ्यावरून बोटभर सुटली नाही. वेळ अजून बाकी होता. तिने काचेकडे पाहिलं.

काचेपलीकडे आक्का टाळ्या वाजवत होती.

"थांबा."

आक्का धावतच आत आली. "बसलीस गं बाई मर्यादेत! आता घेतील तुला!" डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

धाकटीने खांद्यांवरचे हात सोडले. मग म्हणाली, "पुरे झालं कौतुक, आक्का. उठव मला."

ते आक्काला एकटीला जमलं नाही. बाईंनी दुसरी बाजू धरली. वेळ संपल्यावर आधार द्यायला परवानगी असते.

औषध तिला लागू पडलं का, मला ठाऊक नाही. पुढे माझ्या पायांचं रबर झिजलं, नखाएवढी बुटकी झाले, तर मला अडगळीत टाकलं. नियम तो नियम. मी कुरकुरले नाही.

मित्रांनो, एवढंच सांगते. समोर जिवंत माणूस बसलंय हे मोजणाऱ्याला घटकाभर विसरावं लागतं, त्याशिवाय माप खरं येत नाही. काचेपलीकडे उभं राहणाऱ्याने मात्र विसरू नये.