काकासाहेबांनी कोरलेली लाईन

दगडवाडीत काकासाहेबांएवढा उदार माणूस शोधून सापडला नसता. गावात कुणी मेलं की रडारड नीट सुरू व्हायच्या आत यांचा ट्रॅक्टर दारात उभा. डिझेल यांचं, ड्रायव्हर यांचा, ट्रॉलीत अंथरायला कडबासुद्धा यांचाच. "खांद्यावर नेऊन कशाला हाल करता? ठेवा ट्रॉलीत," असं म्हणून स्वतः पुढं बसायचे. गाव धन्य होऊन जायचं. हा उदारपणा कुठून उगवला ते एकट्या त्यांच्या आईला, तुळजाबाईला, माहीत होतं.

तो उगवला होता जुन्या रेल्वेलाईनीतून. छोट्या लाईनीची मोठी लाईन झाली, तेव्हा रेल्वेनं दगडवाडीजवळचं वळण सोडून दिलं आणि नवे रूळ सरळ नेले. जुन्या वळणावरचे रूळ, स्लीपर सगळं उचललं. राहिला फक्त मातीचा उंच भराव, वर खडी टाकलेला, भर पावसात कोरडा ठणठणीत. गावाची खरी गाडवाट काळ्या रानातून जायची. तिच्यात आषाढात गेलेली चप्पल दिवाळीलाच भेटायची. शाळा, दवाखाना, स्टेशन, नदीकाठचं मसणवट, सगळं त्या टोकाला. म्हणून पोरी शाळेला आणि बाया दवाखान्याला भरावावरूनच जायला लागल्या. त्याला गाव अजूनही लाईनच म्हणायचं.

स्टेशनावर चहाची टपरी चालवणाऱ्या ख्वाजामियाँनी ग्रामसभेत विषय काढला. "लाईन पब्लिकसाठी राखा. दोन्ही बाजूनं झाडं लावा. माणसं बराबर चालतील." गावातल्या साळूबाईची नात त्याच वाटेनं शाळेला जायची, म्हणून साळूबाईनंही री ओढली. सगळ्यांत रसाळ भाषण मात्र काकासाहेबांचं झालं. "ही वाट म्हणजे गावाची ठेव आहे. आपण न्हाई जपायची तर कुणी?" टाळ्या पडल्या, ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेबांचा नांगर भरावाच्या बुडाला लागला होता.

भरावाच्या दोन्ही अंगाला त्यांचंच रान होतं, त्याला ते तरी काय करणार? आमच्याकडं शेजाऱ्याचा बांध असाच कोरतात. एकदम घेतला तर बोभाटा होतो. दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, जास्त घ्यायचं, कपाशीची एक ओळ पुढं सरकवायची, आणि कुणी विचारलंच तर पावसानं माती ढासळली म्हणायचं. काकासाहेबांच्या रानात पाऊस मोठा हिशेबानं पडायचा. फक्त भराव ढासळायचा.

अडचण एकच होती. दगडवाडीत ठराव कुणी पाळत नव्हतं, पण एक गोष्ट सगळे पाळायचे. ज्या वाटेनं मयत गेली, त्या वाटेवर नांगर घालायचा न्हाई. घातला तर घरात पुरुष टिकत न्हाई म्हणायचे. भल्याभल्यांनी अशा वाटा सोडलेल्या होत्या. गाड्या चालू होत्या तोवर लाईनीवरून मयत न्यायची सोयच नव्हती. आता सोय झाली, तर काकासाहेब ट्रॅक्टर घेऊन आडवे, मयत गाडवाटनंच न्यायची. तिरडीला दोन माणसं जोडीनं चालावी लागतात, त्यामुळं आणखी दोन-तीन सालांत भराव एवढा अरुंद करायचा की तिरडीच मावू नये, आणि मंग खुशाल ट्रॅक्टर बंद करायचा. एवढं डोकं या माणसानं शाळेत चालवलं असतं तर मास्तरांनी आनंदानं पेन्शन लवकर घेतली असती.

सत्त्याण्णवच्या श्रावणात तुळजाबाईनं अंथरूण धरलं. बघायला साळूबाई आली, ख्वाजामियाँ आले, ओसरी भरली. तेवढ्यात म्हातारी उशीवरनं बोलली, "काका, तुझ्या बापाची मयत गाडवाटनं नेल्ती. खांदेकरी घसरले अन् माणूस चिखलात पडला. धुऊन जाळला त्याला. मला कोरड्या वाटनं ने. लाईनीवरनं. तुझा ट्रॅक्टर ठेव तुला."

सगळ्यांदेखत आई शेवटचं मागते म्हटल्यावर न्हाई कोण म्हणंल? काकासाहेबांनी मान डोलावली, डोळेही पुसले. पण चार सालांची मेहनत एका म्हातारीच्या हट्टापायी पाण्यात जाणार होती.

मंग त्यांना युक्ती सुचली. ती सुचल्यावर त्यांना आईबद्दल एकदम माया दाटून आली. त्यांची बहीण नंदाबाई स्टेशनाजवळ दिलेली होती. आईला जिती असतानाच लाईनीवरनं नंदाकडं न्यायचं. आईची हौस फिटली, दवाखाना जवळ आला, आणि पुढं काही झालंच तर मसणवट तिकडंच. मयत लाईनीवर चढायचा प्रश्नच मिटला. जित्या बाईनं वाट थोडीच बंद होते.

"तुळजामाय, पोरगं पाठीवर घेऊन चाललंय, नशीब काढलंस," साळूबाई म्हणाली. पाठीवर न्यायचं कारण भक्ती नव्हती. तिरडीहून रुंद बाज न्यायची तर चार माणसं लागतात, आणि काकासाहेबांच्या रानातल्या भरावावर चार माणसं मावत नव्हती. ते कुणामुळं, हे त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई.

दुपारच्या उघडिपीत आईला पाठीवर घेऊन ते एकटेच निघाले. म्हातारी कडब्याच्या पेंढीएवढी हलकी झाली होती. पाठीवर तिची हाडं टोचत होती. लहानपणी हीच आपल्याला पाठीवर घेऊन नदीपार जायची, हे त्यांना नको असताना आठवलं.

"लई कोरलीस रे," म्हातारी कानाशी बोलली. "दोन्हीकडनं."

"पावसानं ढासळली, माय."

"मला नको सांगू. पाऊस तुझ्याआधी बघितलाय मी." तिनं दम घेतला. "जिती नेऊन राह्यलास. मेल्यावर नेलं तर नांगर थांबतो तुझा. कळतंय मला."

काकासाहेबांचे कान तापले. "तुला लेकाची काही पडलीये का न्हाई? रान वाढवतोय ते कुणासाठी?"

"हळू चाल," एवढंच ती म्हणाली.

मंग काकासाहेबांना जोर चढला. कपाशीचा भाव सांगितला, मुलाच्या शिक्षणाचा खर्चा सांगितला, ठराव करणाऱ्या प्रत्येकानं कुणाकुणाचा बांध कोरला ते नावानिशी सांगितलं. ख्वाजामियाँचं काय जातंय, त्याची टपरी चालती या वाटेवर. पोरींनी एवढं शिकून काय कलेक्टर व्हायचंय? म्हातारी उत्तर देईना. रुसली असंल, असं समजून त्यांनी आणखी बजावलं. बराच वेळ बजावलं. मंग खांद्यावरून लोंबणारे तिचे हात आपल्या छातीवर नुसते आपटतायत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

ते थांबले. "माय," म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिची हनुवटी त्यांच्या खांद्यावर जड झाली होती.

काकासाहेब भरावाच्या अगदी अरुंद जागी उभे होते. पुढं गेलं तरी मयत लाईनीवरनं जाणार, माघारी फिरलं तरी लाईनीवरनंच. आजूबाजूला कपाशीशिवाय कुणी नव्हतं. त्या हालतीतही त्यांचं डोकं चालायचं थांबलं न्हाई, लाज वाटली पण थांबलं न्हाई. नंदाच्या घरी पोचायचं, बाजेवर टाकायचं, घटकाभरानं हंबरडा फोडायचा. कोण विचारतंय?

तेवढ्यात समोरून शाळा सुटलेल्या पोरी आल्या, एकामागं एक, कारण जोडीनं चाललं तर एकीचा पाय कपाशीत पडायची भीती. पुढं साळूबाईची नात बेबीनंदा होती. काकासाहेबांना बघून ती जागीच थबकली. काकासाहेबांच्या कपाशीत कुणी पाय ठेवला तर काय ऐकावं लागतं ते सगळ्या पोरींना पाठ होतं.

"आजी झोपली का, काका?" तिनं दबकत विचारलं.

झोपली, असंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता. पण मघापासून मेलेल्या आईशी आपण रानासाठी भांडत होतो, तिचा जीव कुठं गेला, कपाशीच्या भावाला का मुलाच्या खर्च्याला, तेसुद्धा आपल्याला कळलं न्हाई, हे त्यांच्या छातीत असं भरून आलं की तोंडातून दुसरंच निघालं.

"न्हाई गं. गेली."

पोरींनी चपला काढल्या. एकेक करून खाली कपाशीत उतरल्या आणि गुडघाभर चिखलात हात जोडून उभ्या राहिल्या. झाडं मोडली. काकासाहेबांनी मोडलेल्या कपाशीकडं बघितलंसुद्धा न्हाई. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

ते पोरींच्या पुढं निघून गेले, मंग थांबले. आईला पाठीवर नीट वर सरकवलं.

"बेबीनंदा, गावात सांग," ते म्हणाले. "म्हणावं, लाईनीवरनं नेली."