निळीची बाटली

मित्रांनो, एखाद्या अंगणात जमिनीतून वीतभर वर आलेला, झाकण घातलेला जाड पाईप तुम्ही पाहिला असेल. तसाच मी एक आहे. बोअरवेलचा केसिंग पाईप. वर वीतभर दिसतो, पण खाली साठ फूट आहे. भोवतालची माती धरून ठेवायची, वरची घाण आत येऊ द्यायची नाही आणि खडकातले पाणी स्वच्छच्या स्वच्छ वर जाऊ द्यायचे, एवढे माझे काम.

कारखान्यातून निघालो तेव्हा निळाशार आणि गुळगुळीत होतो. मला जमिनीत उतरवले त्या दिवशी अंधार पाहून माझी पाचावर धारण बसली होती. पण पाणी लागले, घरधन्यांनी ओंजळभर पिऊन "साखर आहे, साखर" म्हटले, आणि त्या एका शब्दावर मी बारा वर्षे काढली. त्या घराला दुसरे पाणी नव्हते.

मग एका दुपारी घरधन्यांच्या मुलीचे मामा भेटून परत निघाले. "येऊ द्या, येऊ द्या" असे घरधनी सांगत असतानाच गाडी मागे येऊन माझ्या डोक्यावर आदळली. सगळे धावले ते गाडीकडे. मामांनी रुमालाने बंपर पुसला, घरधन्यांनी नुसते खरचटल्याचे सांगून त्यांची समजूत काढली. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. जमिनीखाली चार फुटांवर, माझ्या पहिल्या जोडापाशी, बोटभर चीर पडली होती.

आणि शेजारीच धुणे धुण्याचा दगड होता. त्याचे पाणी तिथल्या तिथे मुरायचे. पहिल्या दिवशी चिरेतून एक थेंब आत आला, आठवड्याने धार लागली. मी काय करणार? मला ना हात, ना तोंड. आत साबणाचा फेस उतरत होता, त्यामागून अंगणातली सगळी घाण, आणि ते पाणी त्या घरातली सहा वर्षांची मुलगी पीत होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा तिला कुठूनही सापडायचा. शाळेतून आली की ती दप्तरासकट नळाशी जायची. नळ सुटला की माझा जीव थरथरायचा.

पंधरा दिवसांत मुंगीने अंथरूण धरले. पोट दुखे, काही टिकेना. डॉक्टरांनी औषध दिले, बाहेरचे खाणे बंद करायला सांगितले आणि भरपूर पाणी पाजा म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. आता तासातासाला पेला भरू लागला. ज्या हाताने तिची आई तिच्या कपाळावर पट्टी ठेवी, त्याच हाताने ती माझे पाणी तिच्या ओठांना लावी. मित्रांनो, मला जमिनीतल्या अंधाराची कधी एवढी भीती वाटली नव्हती.

पाण्याला साबणाचा वास येतो, असे आईने दोनदा सांगितले. घरधन्यांनी तिच्या नाकाची थट्टा केली. संध्याकाळी तिने कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली धुण्याच्या दगडावर ओतली आणि वर चार बादल्या पाणी सोडले.

मला तिचा डाव कळला आणि मी आणखीच घाबरलो. निळे पाणी वर गेले तर माझे बिंग फुटणार, मला बुजवून टाकणार. तरीही जन्मात पहिल्यांदाच मला वाटले, गळायचेच तर आज जोरात गळू दे.

सकाळी तिने पांढरा कप भरला आणि नवऱ्यासमोर ठेवला. पाणी निळसर होते.

"पाईपचा रंग उतरला असेल," ते म्हणाले.

"बारा वर्षांत नाही उतरला, तो नेमका आज उतरला?"

त्यावर त्यांनी बोअरच्या मिस्त्रीला फोन लावला. मुंगीसाठी शेजारून पाण्याची कळशी आली.

मिस्त्री हळू बोलणारा माणूस होता. घरधनी बुजवण्याची भाषा करू लागले, तेव्हा त्याने आधी बघू तर द्या म्हटले. मोटर वर काढताना ती माझ्या चिरेच्या आत वळलेल्या कडेला अडकली. घरधन्यांनी जोर लावला.

"ओढू नका," मिस्त्री म्हणाला. "हा तुटला तर माती आत जाईल. मग पाणी विसरा."

त्याने मोटर थोडी खाली सोडली, अलगद फिरवली आणि वर घेतली. मग आरशाने ऊन माझ्या पोटात पाडले. चीर उघडी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्याभोवती खड्डा खणला, आत दोरीला बांधलेला कापडाचा बोळा अडकवला, म्हणजे कचरा खाली जाऊ नये, आणि करवत लागली. ती वेदना मी सांगत नाही. माझे बारा वर्षांचे डोके भंगारात गेले. नवा तुकडा जोडला, भोवती सिमेंट भरले, गुडघाभर उंच कट्टा बांधला. धुण्याचा दगड घराच्या पार मागे गेला. बोअरमध्ये जंतू मारायचे औषध टाकून दिवसभर पाणी उपसले. ते तपासून चांगले आहे असे कळले, तेव्हाच मुंगीचा पेला पुन्हा नळाखाली आला. तोवर ती पुन्हा साखरेचा डबा शोधू लागली होती.

मित्रांनो, मला वाटले होते, आता सगळे मला पुन्हा विसरतील. पण दर दोन महिन्यांनी मुंगीची आई माझ्या कट्ट्याभोवती निळीचे पाणी ओतते आणि दुसऱ्या दिवशी पांढरा कप उजेडात धरते. तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखे मुके कामकरी असतील. त्यांना धक्का लागला तर आधी त्यांच्याकडे वाका, आणि विश्वास टाकलात तरी मधूनमधून तपासत जा.

ती कप उजेडात धरते, तेव्हा मी अजूनही घाबरतो. मग ती कप मुंगीच्या हातात देते, आणि मी पुढचे दोन महिने उभा राहतो.