डंडीच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं

मी एक जुनी बरणी आहे आणि माझ्या अंगावर छापलेलं निम्मं खोटं आहे. पोटावर काळ्या अक्षरांत 'डंडी' असं गावाचं नाव आहे, पण माझा जन्म काही तिथला नाही. मी घडले इंग्लंडात, टाइन नदीकाठच्या एका भट्टीत. गवतात गुंडाळून मला डंडीला पाठवलं, तिथं माझ्यात संत्र्यांचं मार्मालेड भरलं, तोंडावर कागद बांधला आणि मी डंडीची झाले. त्या दिवसापासून लोक मला उचलतात ते अंगावरचं नाव वाचून. बालमित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. मैत्री होते का ते शेवटी बघू.

डंडी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं शहर. टे नदी जिथं रुंद होऊन समुद्राला मिळते, तिथं ते उत्तर काठावर बसलं आहे. मधोमध एक टेकडी आणि नदीवर दोन लांब पूल, एक रेल्वेचा आणि एक मोटारींचा. रेल्वेचा पहिला पूल वादळात गाडीसकट नदीत गेला, म्हणून आता आहे तो दुसरा. गाव दिसायला देखणं आहे, हे मी नाकारत नाही.

पण त्याची श्रीमंती दुसऱ्यांच्या जिवावरची. ताग बंगालचा. तो मऊ करायला लागणारं तेल उत्तरेच्या बर्फातल्या देवमाशांचं. माझ्या पोटातली संत्री स्पेनची. जगभरचं धान्य डंडीच्या पोत्यांत भरलं जायचं, आणि ती पोती विणायला गिरण्यांत बायका आणि पोरं ठेवत, कारण ती स्वस्त पडत. नवऱ्यांना काम मिळत नसे. ते घरी चहाचं आधण ठेवत आणि गाव त्यांना 'किटल्या उकळणारे' म्हणून हिणवायचं. मालकांचे बंगले मात्र लांब, खाडीच्या तोंडाशी, जिथं गिरणीचा धूर पोचत नसे.

पुढं ताग पिकतो त्याच मुलखात, कोलकात्याला, गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांत पैसा आणि मुकादम डंडीचेच. हुगळीकाठची पोती स्वस्त पडली आणि डंडीचा धंदा बसला. करावं तसं भरावं, दुसरं काय? मला तर वाईट वाटलं नाही. आता तिथं विद्यापीठ आहे, संगणकावरचे खेळ तयार होतात, नदीकाठी मोठं संग्रहालय आहे आणि जुन्या गिरण्यांत लोक फ्लॅट घेऊन राहतात.

त्या गावातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गिरणीत कातणाऱ्या बायका डोक्यावरून शाल घेत आणि विणणाऱ्या बायका हॅट आणि हातमोजे घालत. ताग तोच, धूळ तीच, आणि यंत्रांच्या आवाजाने दोघींचे कान सारखेच गेलेले. तरी हॅटवाली शालवालीच्या बरोबरीने रस्त्यावरून चालायची नाही. दोघींनाही राबवून घेणारा मालक बंगल्यात बसून हे बघत असेल, तर त्याला किती बरं वाटलं असेल.

मला जहाजाने न्यूझीलंडला धाडलं. मार्मालेड संपल्यावर एका शेतकऱ्याच्या बायकोने माझ्यात चरबी ठेवली, तिच्या मुलाने खिळे ठेवले आणि नातवाने मला घराखालच्या मातीत टाकून दिलं. कुणीतरी घर पाडताना मला उचललं आणि मी ऑकलंडच्या न्यू लिनमध्ये, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात येऊन पडले. शेजारी कान तुटलेले कप होते. तिथून मला सुजाताने घरी नेलं.

सुजाता मूळची नांदेडची. पुण्यात शिकली आणि इथं एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिचा नवरा लहू पुलांचा इंजिनियर. मुलगी रिया इथंच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. सुजाताने मला घासलं, उन्हात वाळवलं आणि मागच्या अंगणातल्या झाडाची लिंबं मीठ लावून माझ्यात भरली. तोंडावर पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला. मार्मालेड म्हणजे तरी काय, संत्र्याच्या सालींचं गोड लोणचंच. एवढ्या वर्षांनी मला कुणीतरी माझं काम परत दिलं. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

त्या घरात दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. सुजाताने पुण्यात कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायला होता. कप वेगळा का, हे तिला नंतर समजलं. एकदा भांडी पुसताना ती लहूला म्हणाली, "रियाला यातलं काहीच कळायला नको. जात हा शब्दसुद्धा नको. इथं जन्मलीय, तशीच वाढू दे." लहूने पुसलेली ताटं फळीवर लावली. तिला एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती मोडायला माझाच उपयोग झाला.

रियाच्या शाळेत एक काम दिलं होतं. घरातली एक वस्तू घ्यायची, ती ज्या गावाहून आली त्याचा इतिहास, भूगोल आणि धंदा शोधायचा आणि पालकांसमोर सांगायचा. रियाने मला निवडलं. तिची जोडीदार होती सानिका. दोघी जिवाभावाच्या, डबासुद्धा वाटून खाणाऱ्या. सानिकाची आई अनुराधा तिला न्यायला आमच्याकडे पहिल्यांदाच आली.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" तिने हसत विचारलं.

"नांदेडची," सुजाता म्हणाली. "बसा ना, चहा टाकते."

तेवढ्यात अनुराधाची नजर फोटोवर गेली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ती बसली नाही. "नको, नको, आत्ताच घेतला. पाणीपण नको. पार्किंगचा प्रॉब्लेम होईल." आमच्या दारासमोर अख्खा रस्ता मोकळा होता.

मुलींनी पोस्टर सानिकाकडे करायचं ठरवलं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. भांडं रिकामं कसं द्यायचं? सुजाताने माझ्यातलं लोणचं तसंच राहू दिलं, नवा दादरा बांधला आणि म्हणाली, "चांगलं मुरलंय. काढून घ्या आणि बरणी सावकाश द्या."

अनुराधाने मला दोन बोटांनी धरलं. गाडीत मी पायाशी होते.

तिच्या स्वयंपाकघरात मला ओट्यावर न ठेवता सिंकशेजारी ठेवलं. तिचा नवरा चारुदत्त आला, त्याने दादरा सोडला आणि वास घेतला. "वा. आज खिचडी कर."

"ठेव ते," अनुराधा म्हणाली. "कुणाच्या हातचं आहे ते बघ तरी."

"कुणाच्या म्हणजे? रियाच्या आईच्या."

"तुला कळत नाहीये का? त्यांच्या घरात फोटो पाहिला मी."

"अनु, दर शुक्रवारी आपण टेकअवे आणतो. तिथं कोण करतं, विचारतो का?"

"ते वेगळं."

काय वेगळं, हे त्याने विचारायला हवं होतं. तो शिकलेला माणूस, चांगल्या नोकरीतला, पुण्यात समतेच्या सभांना जाऊन टाळ्या वाजवलेला. त्याने दादऱ्याची घडी केली, ओट्यावर ठेवली आणि टीव्ही लावला.

अनुराधाने माझ्यात चमचा घालून सगळं लोणचं उष्ट्याखरकट्याच्या डब्यात ओतलं. पिवळ्याधमक फोडी, रस सुटलेल्या. मग मला साबणाने धुतलं आणि उकळतं पाणी ओतून पुन्हा धुतलं. मी भट्टीतून निघालेली आहे, उकळत्या पाण्याने माझं काही बिघडत नाही. पण असं मला कुणी धुतलं नव्हतं. चरबीनंतरही नाही.

तेवढ्यात सानिका पाणी प्यायला आली. "मम, व्हाय डिड यू चक इट?"

"खराब झालं होतं, बाळा."

आणि आता तिचे संस्कार बघा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, अपशकुन असतो, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तिने माझ्यात काठोकाठ साखर भरली आणि त्याच दादऱ्याने तोंड बांधलं. बाई रीत पाळण्यात कुठं कमी पडली नाही. माणसाला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि भांड्याचा मान ठेवला. मित्रांनो, मी पुष्कळ घरं पाहिली आहेत, पण इतका राग मला कुणाचा आला नव्हता.

सोमवारी रिया मला घेऊन घरी आली. सुजाताने दादरा सोडला आणि साखर पाहून तिला बरंच वाटलं. "अगं बाई, काढूनसुद्धा घेतलं? आवडलं का त्यांना?"

"नो," रिया बूट काढत म्हणाली. "सानिका सेड इट वेंट ऑफ. हर मम हॅड टू चक इट. हीप्स ऑफ इट." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "मे बी यू शुड बी मोअर केअरफुल, मम्मा. इट वॉज एम्बॅरसिंग."

मिठातलं, मुरलेलं लिंबू चार दिवसांत खराब होत नाही. हे अनुराधालाही माहीत होतं आणि सुजातालाही. सुजाता माझ्या काठावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

लहू घरी आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता रियाला सांगायला लागेल."

"नाही. मी तिला यात ओढणार नाही."

"नाही सांगितलंस, तर ती जन्मभर समजेल की तुझ्या हातात खोट आहे. आणि ती तुझा डबा न्यायची बंद होईल."

सुजाता रडली. मग डोळे पुसून तिने रियाला बोलावलं आणि सांगितलं. गावातली वेगळी विहीर सांगितली, आजोबा शाळेत कुठं बसायचे ते सांगितलं, पुण्यातला कप सांगितला. पोस्टरसाठी रियाने डंडीच्या गिरण्यांबद्दल वाचलं होतं.

"लाइक द वीव्हर्स?" तिने विचारलं. "विथ द हॅट्स?"

"थोडंसं तसं. पण कातणारी बाई शिकून विणणारी होऊ शकायची, बाळा. यात तसं काही होता येत नाही. आपण काहीही शिकलो तरी त्यांना आपण तेच दिसतो."

"बट वी डिडन्ट डू एनीथिंग."

"नाही. आपण काही केलेलं नाही."

सुजाताने एका पोरीचं बालपण जपायला अर्धी पृथ्वी ओलांडली होती, आणि ते माझ्याच देखत संपलं. मी तिथं फळीवर होते आणि काही करू शकत नव्हते. दगडासारखी आहे मी, पण मला ते सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुजाताने झाडाची लिंबं काढली. अनुराधाची साखर घेतली, सगळीच्या सगळी, आणि लिंबाचं गोड लोणचं केलं. ते माझ्यात भरलं.

शाळेच्या हॉलमध्ये मुलींनी डंडी छान सांगितली. नदी, पूल, ताग, देवमासे. हॅट आणि शालींबद्दल रियाने सांगितलं. अनुराधाने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी घरून आणलेलं खाणं एका टेबलावर मांडलं आणि मीही त्यात होते. वर्गाच्या बाईंनी क्रॅकरला लावून लोणचं खाल्लं आणि आणखी मागितलं. सानिकाने तर चमच्याने खाल्लं.

अनुराधा टेबलाशी आली. सुजाता माझ्याशेजारी उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "घ्या ना. साखर तुमचीच आहे. लिंबं माझी. खराब झालं असेल तर इथंच सांगा, सगळे खातायत."

अनुराधाचा चेहरा उतरला. "मला नको. शुगर आहे मला."

"मम," सानिका तोंडातला घास गिळत म्हणाली, "यू जस्ट हॅड टू लॅमिंग्टन्स." लॅमिंग्टन म्हणजे इथला खोबऱ्यात घोळवलेला गोड केक.

चारुदत्तने घाईने एक चमचा घेतला आणि खाली बघत खाल्ला. खाऊ दे. बोलायचं तेव्हा तो टीव्ही बघत होता. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

सानिका एकदा आईकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग तिने रियाला विचारलं, "व्हाय वोन्ट शी ईट इट?"

रियाने चमचा खाली ठेवला. ती पोर शाळेत कधी मराठीत बोलत नसे. त्या दिवशी बोलली, आणि अनुराधाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"तुझ्या आईला विचार."

अनुराधाने पर्स उचलली. "सानिका, चल. उशीर होतोय." सानिका गेली, पण दारापर्यंत विचारत विचारत गेली. सुजाताला आपल्या लेकीला जे सांगावं लागलं, ते आता अनुराधाला तिच्या लेकीला सांगावं लागेल. सुजाताला रडून का होईना, खरं सांगता आलं. अनुराधाने काय सांगितलं, मला माहीत नाही. तिच्या घरी मला परत कुणी नेलं नाही.

शेवटी बरणीने म्हणायचं असतं की जुन्या वस्तू जपा, फोडू नका, फेकू नका. माझी काळजी तुम्ही नाही घेतली तरी चालेल. मी फुटले तर माझे तुकडे होतील, याहून अधिक काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दिलेलं अन्न कधी टाकलं जाईल आणि तुम्ही 'का' म्हणून विचाराल. तेव्हा कुणी 'खराब झालं होतं' म्हणालं, तर त्या खरकट्याच्या डब्यात हात घाला, एक फोड उचला आणि आईबापांसमोर खाऊन बघा.