अंगणच वाकडं

धाकट्याने ताईला हरवलं आणि घर डोक्यावर घेतलं. धाकटा म्हणजे तुम्हाला वाटेल एखादं शाळकरी पोर. छे! चष्म्याच्या दुकानाचा मालक, डोक्यावर चांगलं टक्कल पडलेलं, आणि हा बाबा सोफ्यावर उभा राहून नाचत होता.

"अहो, सोफा नवा आहे, तुम्ही नाही," बायको म्हणाली. "उतरा खाली, कंबर धरून बसाल."

पण ऐकतो कोण! त्याचा आनंद गगनात मावत नव्हता, आणि खोटं कशाला बोला, मावायचं कारणही नव्हतं. लहानपणापासून आजपर्यंत हा माणूस आपल्या बहिणीसमोर एकदाही जिंकला नव्हता. एकदाही नाही!

खेळ तसा साधा. बाबांनी दोघांना आणून दिलेला तो जुना गेमचा डबा, त्याला वायरीने बांधलेले दोन कंट्रोलर, आणि पडद्यावर एक छत्रीवाला. तो छपरांवरून धावत सुटतो. छप्पर संपतं, तिथे अगदी काठावर बटण दाबायचं, की तो छत्री उघडून पुढच्या छपरावर उडी मारतो. जरा चुकलं की गेला खाली. मग दुसऱ्याची पाळी. जो लांब जाईल तो जिंकला.

मध्ये बरीच वर्षं तो डबा माळ्यावर पडून होता. यंदा धाकट्याने भिंतभर टीव्ही घेतला आणि त्याला डब्याची आठवण झाली. डब्याच्या तीन रंगांच्या वायरी, आणि टीव्हीच्या पाठीमागे त्यांना जागाच नाही. मग बाजारातून एक छोटी डबी आणली, वायरी त्या डबीत आणि डबी टीव्हीत. चित्र आलं तेव्हा दोघं नवरा-बायको बघतच राहिली. छत्रीवाला कपाटासारखा रुंद झाला होता! त्याला ताणून पडदाभर केलेलं. ते नीट केलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे.

"एवढा मोठा टीव्ही घेतला आणि निम्मा झाकून ठेवला," बायको म्हणाली.

शिवाय नव्या टीव्हीवर सगळंच स्वच्छ दिसतं. जुन्या टीव्हीच्या जाड काचेत छत्रीवाला कसा गोल, देखणा वाटायचा. इथे कळलं की त्याचं नाक म्हणजे एक चौकोन आणि मिशी म्हणजे दोन. जन्मभर लोकांना स्वच्छ दाखवण्याचा धंदा केलेल्या धाकट्याला पहिल्यांदाच वाटलं, की थोडं अंधूकही बरं असतं.

तरी तो खेळला. रोज दुकान बंद केलं की जेवायच्या आधी थोडं. सुरुवातीला सारखा पडायचा, मग हात बसला. असे कितीतरी महिने गेले. ताई तेवढा काळ लांबच्या एका बांधकामावर होती. ती क्रेन चालवायची. म्हणजे ती उंच, उभी क्रेन, जिच्या टोकाशी काचेच्या खोलीत एकटं माणूस बसतं आणि खालच्यांना मुंगीएवढं दिसतं. ते माणूस म्हणजे ताई. आज सुट्टीला घरी आली, चहा झाला, आणि धाकटा म्हणाला, "बसतेस का? की घाबरलीस?"

ताई हसली. "अरे जा! तुझं रडणं मला अजून ऐकू येतंय."

आणि हरली. पहिल्याच डावात छत्रीवाला पहिल्याच छपराच्या काठावरून सरळ खाली. दुसऱ्यांदा हरली. पुन्हा हरली. तेव्हा आपला हा वीर सोफ्यावर चढला.

नाच संपवून तो खाली उतरला तर ताई हसतही नव्हती आणि चिडलेलीही नव्हती. कंट्रोलर मांडीवर ठेवून आपल्या हातांकडे बघत होती.

"हात गेले रे माझे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"नाही, बरं झालं कळलं. मी काठ बघतेय, दाबतेय, आणि तो पडतोय. दरवेळी." मग तिने सांगितलं. कामावर नवी, आणखी उंच क्रेन आली होती. साहेबांनी पहिल्यांदा तिलाच विचारलं होतं आणि उत्तर आज द्यायचं होतं. "मी हो म्हणणार होते. आता खालीच काम मागते. गोदामात बसेन, माल मोजेन."

"अगं, हा खेळ आहे! कामावर कुठे चुकलीस?"

"अजून नाही चुकले. पण माझ्या हुकाखाली माणसं उभी असतात, बाळा. तिथे चुकले तेव्हा कळून काय उपयोग?"

ताई त्या उंचावर बसते, हे तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. चष्म्याची दांडी वाकडी झाली म्हणून आलेल्यालासुद्धा.

"डोळे असतील," तो घाईने म्हणाला. "चल खाली, तपासू."

दुकान खालीच होतं. ताईला तिच्या चष्म्यासकट खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. तिने सगळ्यात खालची, बारीक अक्षरांची ओळ घडाघडा वाचली. तिच्याही खाली तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं. धाकट्याने ते नाव आजवर कधी पाहिलंही नव्हतं.

"मग? डोळे शाबूत आहेत," ताई उठत म्हणाली. "म्हणजे हातच गेले."

आग विझवायला गेला आणि तेल ओतून आला! दोघं वर आली.

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीचा संशय कुणालाच कसा आला नाही? तर या घरात तशी बंदीच होती. लहानपणी धाकटा हरला की रडून सांगायचा, माझा कंट्रोलर खराब आहे, वायर सैल आहे, बटण अडकतंय. शेवटी बाबा वैतागले. "नाचता येईना अंगण वाकडं! यापुढे जो यंत्राला दोष देईल, तो सगळ्यांची भांडी घासेल." तेव्हापासून दोघा भावंडांनी पडताना कधीच यंत्राचं नाव काढलं नाही. बाबा गेले, तरी नियम राहिला.

"शेवटचा एक डाव खेळ," धाकटा म्हणाला. "माझ्यासाठी."

"कशाला? पुन्हा नाचायचंय?"

"खेळ गं."

ती खेळायला बसली. धाकट्याला तिचं पडणं बघवेना, म्हणून त्याने पडद्याकडे पाठ केली आणि तिच्याकडे तोंड करून बसला. समोर तिचा अंगठा. आणि तिच्या चष्म्याच्या काचेत इवलासा, उलटा छत्रीवाला धावताना दिसत होता. काठ आला. अंगठा दबला, टक! बरोबर काठावर. आणि काचेतला छत्रीवाला मात्र आणखी दोन पावलं चालला, मग उडाला. म्हणजे उडाला कसला, पडला.

धाकट्याने डोळे चोळले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अंगठा वेळेवर, उडी उशिरा.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टीव्ही उशीर करतोय! आणि आपण पडत नाही, कारण इतके महिने याच टीव्हीवर खेळून आपला अंगठा काठाच्या आधीच दाबायला शिकलाय. क्षणभर त्याला फार वाईट वाटलं, कुणालाही वाटलं असतं. जन्मात एकदा जिंकलो, तेही असं? गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं! पण ताईचा चेहरा बघितला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई," तो ओरडला, "अंगणच वाकडं आहे!"

"बाबांनी कान उपटला असता तुझा," ताई म्हणाली. "माझी समजूत काढू नकोस."

"समजूत नाही गं! भांडी घासतो मी, सगळ्यांची घासतो, पण ऐक. तू पडद्याकडे बघू नकोस, अंगठ्याकडे बघ. अहो, तुम्ही बघा पडदा, आणि उडाला की 'हूं' म्हणा." घाईत तो बायकोलाच 'अहो' म्हणाला.

ताईने दाबलं. टक. मग बायको म्हणाली, "हूं." पुन्हा टक. मग "हूं". बायकोचे डोळे मोठे झाले. "अय्या, खरंच की हो! आधी टक, मग उडी."

धाकट्याने रिमोट घेतला आणि टीव्हीच्या पोटात शिरला. एकेक पान उघडत गेला. चित्र मऊ करा, चित्र ठसठशीत करा, रंग खुलवा, सगळं चालू. टीव्ही बिचारा प्रत्येक चित्राला नटवून-थटवून मगच बाहेर पाठवत होता, आणि नटायला वेळ लागतोच. तळाशी एक ओळ सापडली, 'गेम'. ती चालू केली. रंग जरा फिके पडले. बाकी काही झालेलं दिसलं नाही.

"आता खेळ."

ताई खेळली. तिसरं छप्पर पार. सहावं पार. पुढे तर तिने मोजणंच सोडलं. ओठ घट्ट मिटून, मान किंचित तिरकी करून ती अशी खेळत होती, की बायकोच्या हातातला चहा तसाच निवला. शेवटी डोळ्यांत पाणी आलं म्हणून पडली.

मग धाकट्याची पाळी. त्याने सवयीने आधीच दाबलं आणि छत्रीवाला काठाच्या दोन पावलं अलीकडेच उडाला, पुढच्या छपरापर्यंत पोहोचलाच नाही आणि खाली गेला. पहिल्याच छपरावरून! पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ताई पोट धरून हसायला लागली, बायको हसायला लागली, आणि धाकटाही.

हसू ओसरलं तेव्हा ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आता तू कधीच जिंकायचा नाहीस."

"नाही तर नाही."

"मग सांगितलंस कशाला रे, वेड्या?"

"तू गोदामात माल मोजलेला मला बघवला नसता," तो म्हणाला. "मला तू वरच आवडतेस."

ताईने फोन उचलला. "साहेब, नवी क्रेन मी घेते. हो, नक्की. विचार करूनच सांगतेय." फोन ठेवला आणि भावाच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"चल, तो उशीर परत लाव."

"काय?"

"लाव म्हणते ना! त्या वाकड्या अंगणातच तुला हरवते की नाही बघ."

त्याने लावला. टीव्ही पुन्हा नटायला लागला. ताई जिद्दीने खेळली, काठाच्या आधी दाबायला बघत होती, पाचव्या छपरापर्यंत गेलीसुद्धा. मग धाकटा खेळला. पाचवं पार. सहावं पार. सातवंही.

ताईने या वेळी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. "लबाड! चोर! पुन्हा!" असं बोंबलत तिने त्याच्या हातून कंट्रोलर हिसकावून घेतला.