मी अंजनाबाईंचं कडू औषध

मी एक वेल बोलतेय. पण आज मला पाहिलंत तर वेल म्हणणार नाही. प्लास्टिकच्या डबीच्या तळाशी उरलेली तपकिरी, कडूजहर भुकटी म्हणाल.

माझा जन्म चीनमधल्या डोंगरांत झाला. तिकडचे वैद्य माझं मूळ संधिवातावर फार पूर्वीपासून देतात. पण ते मला भिऊन असतात. माझी साल पूर्ण सोलतात, कारण विष सालीत जास्त. गाभा उकळतात, मोजून देतात, आणि आता तर रोग्याचं रक्तही तपासत राहतात.

ती माणसं मागे राहिली. गोणीत कोंबलेली मी नागपूरला उतरले. प्रफुल नावाच्या विक्रेत्यानं मला सालीसकट दळलं आणि गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात दुकान मांडलं.

तिथं वामनराव आले, सोबत बायको अंजनाबाई. संधिवातानं बाईंची बोटं वाकू लागली होती, मनगटं सुजली होती. दवाखान्याच्या गोळ्यांचा गुण हळूहळू येत होता. लुगडं नवऱ्यानं नेसवायचं, केस नवऱ्यानं विंचरायचे. बाईंना ते दुखण्याहून जड जाई.

"हिच्या दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत. याचा काई तरास तं नाई ना, भाऊ?" वामनरावांनी विचारलं.

"जडीबुटीचा कायचा तरास? त्या गोळ्या बंद करा. पाहा बाईले कसं मोकळं वाटते ते."

गोळ्या बंद झाल्या. खरं सांगते, मी गुण दिला. सूज ओसरली. एका सकाळी अंजनाबाईंनी स्वतःच्या हातांनी वेणी घातली, लुगडं नेसलं आणि त्या रोवण्याला, भाताची रोपं लावायला गेल्या. भाताच्या बांधीत शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य वं बुधरी, बोट कसं सरळ झालं माहं!" कमरेच्या बटव्यातून मी त्यांचं हसू ऐकलं.

दुखणं पुन्हा डोकावलं, तेव्हा रोवणा अर्धाच झाला होता. चिमटीऐवजी त्या गुपचूप चमचाभर घेऊ लागल्या. जेवण नकोसं झालं. डोळे पिवळे पडले.

"आई, दुसरं काही औषध घेता का?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाई."

वामनरावांनी बटव्यातून मला काढून टेबलावर ठेवलं. अंजनाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्यानं त्यांची चोरीच पकडून दिली.

"यानंच लिव्हर सुजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे आता कधीच नाही. आणि लिव्हर सावरेपर्यंत सांध्यांच्या गोळ्याही देता येणार नाहीत."

म्हणजे काहीच नाही. मीही नाही, गोळ्याही नाहीत. त्या काळात रोग मोकाट सुटला. अंजनाबाई जगल्या, पण बोटं कायमची वळली. आता गोळ्या परत सुरू आहेत. दुखणं कमी आहे, बोटं मात्र उघडत नाहीत. प्रफुल अजून बाजारात बसतो.

काल वामनरावांनी घरामागं खड्डा खणला. अंजनाबाई दारात आल्या.

"अवो, थोडीशी राहू द्या."

"येडी झाली का तू? जीव जात होता तुहा!"

"गेला असता तं गेला असता. रोवण्याले तं गेली होती मी!"

वामनरावांनी मला खड्ड्यात टाकलं. डबीवर माती लोटत राहिले.

आता मी अंधारात आहे. मला बिनधोक म्हणून विकणाऱ्याला जाब विचारा. माझ्या नावानं बोटं मोडा, तुमचा हक्क आहे. पण माझ्यासाठी हात पसरणाऱ्या त्या बाईला खुळी म्हणू नका.