हिरवा नर

कारंज्याच्या शिवमला आपणही चुकू शकतो हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याने गच्चीभर लव्हबर्डचे पिंजरे लावले होते आणि कोणत्या रंगाची जोडी लावली की पिल्लं कोणत्या रंगाची निघतात, हे तो मोबाइलवर व्हिडिओ टाकून लोकांना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे दरडावायचा. विचारणाऱ्याला आधी अडाणी ठरवायचा, मग उत्तर द्यायचा.

त्याने अनसिंगच्या प्रियदर्शनीला पसंत केलं तेव्हा तिचा बाप पुंजाजी हरखून गेला. भाजीच्या मळ्यात राबून पोरीला बी.एस्सी. केलेला माणूस. त्याला जावई हुशार हवा होता, आणि आपल्या हुशारीची ग्वाही शिवम स्वतःच देत होता. प्रियदर्शनीला तो पहिल्या भेटीतच डोक्यात गेला. पण तेवढ्यावरून जमत आलेली सोयरीक मोडायची कशी? बढाया सगळेच मारतात, असं आई हौसाबाई म्हणाली आणि पोरगी गप्प बसली.

पसंतीची भेट म्हणून शिवमने पाखरांची जोडी आणून दिली. हिरवा नर, पिवळी मादी. नर शुद्ध हिरवा आहे, सगळी पिल्लं हिरवीच निघणार, असं त्याने दहा माणसांत ठणकावून सांगितलं. "एक जरी पिवळं निघालं तं मिशी काढीन," म्हणाला. मिशी तशी नावालाच होती.

या पाखरांत नर-मादी दिसायला सारखेच. पण पिंजऱ्यात अंडी आली, आणि त्यांच्यावर ठाण मांडून बसला तो हिरवा नर. पिवळी मादी घरट्याबाहेर दाणे खाऊन यायची आणि त्याला भरवायची. प्रियदर्शनीने फोन करून विचारलं, की ओळखण्यात काही गफलत तर झाली नाही ना. शिवम हसला. बापही बसतो अंड्यांवर, म्हणाला, आणि तिने पालक-मेथीच्या जुड्या बांधाव्यात, पाखरांचं त्याच्यावर सोडावं.

तिने जुड्या बांधल्या आणि पाखरांकडेही बघत राहिली. पिंजऱ्यात वर्तमानपत्र टाकलं की तो हिरवा नर चोचीने कागदाच्या बारीक पट्ट्या कातरायचा, शेपटीजवळच्या पिसांत खोवायचा आणि घरट्यात न्यायचा. हे काम फक्त मादीच करते, नराला ते जमत नाही, असं शिवमनेच एका व्हिडिओत ठासून सांगितलं होतं. तो व्हिडिओ तिने परत लावून बघितला. तिला आधी हसू आलं, मग या माणसासोबत जन्म काढायचा आहे हे आठवलं.

लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायला शिवम आणि त्याची आई रुखमाबाई आले, तोवर पिल्लांना पिसं फुटली होती. दोन हिरवी, दोन पिवळीधम्मक. शिवमने पिंजऱ्यात दोनदा डोकावून बघितलं. पुंजाजीने हसत हसत, न्हाव्याला बोलवू का, असं विचारलं. गंमतच होती ती. सकाळपासून विहीणबाई, विहीणबाई करत त्याची जीभ थकली नव्हती.

शिवमला गंमत झेपली नाही. "मादी वंगाळ निघाली, मामाजी," तो म्हणाला. "दुसऱ्या नराजवळ गेली असन."

अख्ख्या अनसिंगात दुसरं लव्हबर्ड नव्हतं. पिंजऱ्याला कडी होती. कारंज्याहून एखादा पिवळा नर एसटीने येऊन, कडी काढून, परत लावून गेला असेल तर गोष्ट वेगळी. पण हे सांगताना त्या माणसाची पापणी लवली नाही. हौसाबाईने मान खाली घातली.

प्रियदर्शनी पुढे झाली. नर-मादी ओळखण्यात अदलाबदल झाली असेल, नाहीतर हिरव्याच्या रक्तात पिवळं लपलेलं असेल, दोन्हींत चूक निवडणाऱ्याची आहे, एवढं तिने शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "माहा अंदाज चुकला, एवढंच म्हणा. मंग खुशाल छापा पत्रिका."

पुंजाजी आशेने जावयाकडे बघत राहिला. तीन शब्दांचं काम होतं.

"मी चुकत नसतो," शिवम म्हणाला. "माद्या अशाच राह्यतात. घरी आणल्यावर समजते." रुखमाबाईने मान डोलावली.

पुंजाजीचं हसू विरलं. प्रियदर्शनीने चहाच्या कपाजवळची लाल-सोनेरी पत्रिका उचलली आणि पिंजऱ्याच्या गजांतून आत सरकवली. हिरवं पाखरू घरट्यातून बाहेर आलं. त्याने कोपरा धरला, सरळ पट्टी कातरली आणि सगळ्यांसमोर शेपटीजवळच्या पिसांत खोवली. मग दुसरी. शिवम बघत होता, आणि आपण काय बघतोय हे त्याला नक्की कळत होतं.

रुखमाबाई पत्रिका ओढायला धावली. पुंजाजीने हात आडवा घातला.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "तिचं घर तं होऊन जाईन."