हुरड्याचा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. माझा डावा जोडीदार कधीच एका गरम झडपेला अडकून फाटला. त्याचा मला अजून राग येतो, कारण तो सुटला आणि मी मागे राहिलो.

मित्रांनो, मी सुती नाही, चामड्याचाही नाही. मी ॲस्बेस्टॉसचा आहे. खाणीतल्या दगडाचे तंतू काढून त्यांचं सूत केलं आणि त्या सुताच्या जाड कापडातून मला शिवलं. दगड कुठे जळतो का? मीही जळत नाही. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

तीस वर्षांपूर्वी मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आलो. खोक्यात माझ्याबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. भांडार सांभाळणाऱ्या वैजनाथने त्याची घडी घालून ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली आणि मला कारभारींच्या हवाली केलं. टेबल हलायचं थांबलं.

कारभारी बॉयलरवर कामाला होते. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा. तापलेल्या झडपा फिरवायच्या, भट्टीचं दार ओढायचं, वाफेच्या नळांवरचं जुनं वेष्टण खरवडून काढायचं, सगळं ते आम्हाला घालून करायचे. पाळी संपली की दोन्ही हातांची टाळी वाजवून आमची धूळ झटकायचे. पांढरी भुकटी उडायची आणि भट्टीच्या उजेडात चमकायची. मला ती टाळी म्हणजे शाबासकी वाटायची. चार हंगामांत त्यांच्या बोटाला साधा फोडही आला नाही.

मग डावा फाटला, नवी जोडी आली आणि मला भंगारात काढलं. कारभारींना मात्र मी टाकवेना. आगीला न भिणारी वस्तू फेकायची कशाला, असं म्हणत ते मला तिसगावजवळच्या आपल्या वस्तीवर घेऊन आले.

आता हुरड्याचं सांगतो. थंडीत ज्वारी हुरड्यात आली की शेतात आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची आणि गरम असतानाच चोळायची. चोळणाऱ्याचे तळहात असे भाजतात की विचारू नका! त्या वर्षी कारभारींनी मला घातलं, निखाऱ्यातली कणसं बेधडक ओढली आणि माझ्याच तळव्याने चोळली. भावकी बघतच राहिली. तेव्हापासून आमच्या वस्तीवर हुरडा म्हटलं की आधी माझी आठवण व्हायची. त्यांची निकिता तेव्हा पाच वर्षांची होती. बापाच्या मांडीवर बसून ती मला आपल्या चिमुकल्या हातात चढवायची आणि चोळलेल्या दाण्यांवर गाल फुगवून फुंकर मारायची. कोंडा उडायचा. त्यात माझं किती उडायचं, ते कुणालाच दिसत नव्हतं. मी मात्र कौतुकाने शेफारून गेलो होतो.

हुरडा संपला की मी स्वयंपाकघरात. कारभारींची बायको मालनबाई माझ्या साहाय्याने चुलीवरचा तवा उतरवायच्या आणि अधूनमधून मला दारातल्या दगडावर आपटून झटकायच्या. स्वच्छतेला त्या फार जपायच्या.

वर्षं गेली. निकिता शिकली आणि नगरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. कारभारी निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तंबाखू विचारली, बिडी विचारली. कारभारी मान हलवत राहिले. साखर कारखान्यात होतो म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारलंच नाही, साखरेने कुणाला काय होणार? फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर निघाला. आठ महिन्यांत माणूस संपला.

मालनबाईंनी मला भिंतीतल्या देवळीत त्यांच्या फोटोशेजारी ठेवलं. माझी बोटं अजून त्यांच्या मुठीसारखी वाकलेली आहेत. दिवेलागण झाली की त्या माझ्यात हात घालून घटकाभर बसायच्या. मलाही ते बरं वाटायचं, खोटं का सांगू?

यंदा निकिता वडिलांचे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना भेटली. त्यांनी व्यसन नाही, काम विचारलं. वडील हातात काय काय घ्यायचे? तिने नळांवरचं वेष्टण सांगितलं आणि मलाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीत ॲस्बेस्टॉसच, त्याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, पण श्वासातून आत जाऊन रुततात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो. तुमच्या वडिलांना बहुतेक त्यानेच झाला. वस्तू घरात असेल तर आधी ती हलवा आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

निकिता त्याच दुपारी वस्तीवर आली. तोंडाला मास्क होता. मालनबाईंनी मला उचलून छातीशी धरलं.

“ह्यो त्यांचा हात हाय,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई द्यायची.”

“आई, ह्याच्या धुळीनंच आण्णा गेले,” निकिता म्हणाली. “आता तू तरी ऱ्हा मला.”

मालनबाईंनी मला खाली ठेवलं आणि विचारलं, “मग आदी कुनी का न्हाई सांगितलं?”

निकिताने पाणी मागितलं. धूळ उडू नये म्हणून मला भिजवायचं होतं. मालनबाई आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. ज्या तांब्याने त्यांनी कारभारींच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, त्याच तांब्याने त्यांनी माझ्यावर पाणी घातलं. एकेक बोट भिजेपर्यंत घातलं. मग निकिताने मला दोन जाड पिशव्यांत घालून तोंडं चिकटपट्टीने बंद केली.

आता मी धोक्याचा कचरा नेणाऱ्या गाडीची वाट बघतो आहे. मायलेकींच्या छातीचे फोटो निघाले. दोघींचेही सध्या स्वच्छ आहेत, पण दरवर्षी काढायचे आहेत. मालनबाईंनी विचारलं, कुठवर? निकिता म्हणाली, कायमच. मला त्या पाच वर्षांच्या पोरीचे फुगवलेले गाल आठवतात आणि फार भीती वाटते.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं. माझ्याबरोबर आलेल्या कागदाला होतं. काय धोका आहे, मला कसं हाताळायचं, घरी का न्यायचं नाही, सगळं त्यात लिहिलेलं होतं. तुमच्या आईवडिलांच्या हातात कामावर नवी वस्तू आली, तर तिच्याबरोबरचा कागद मागून घ्या. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. माझा कागद वैजनाथच्या टेबलाच्या पायाखाली अजून तसाच असेल.